एक अंगण, दोन बिऱ्हाडे

श्रावणातली गोष्ट. धाकट्याला शर्ट घ्यायचे म्हणून आम्ही दोघे बापलेक फोर्टात गेलो होतो. फॅशन स्ट्रीटवर बरीच घासाघीस करून दोन शर्ट पदरात पाडून घेतले, एक जोरदार सर एका ताडपत्रीखाली उभे राहून काढली आणि पाऊस उघडल्यावर बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाच्या कडेने चालू लागलो. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी 'एच' अक्षरासारखे उंच खांब उभे होते. मधोमध चिखलाने माखलेली पंधरा-वीस दांडगी माणसे माना खाली घालून, एकमेकांना मिठ्या मारून, मारक्या रेड्यांसारखी रेटारेटी करीत होती.

"बाबा, ते भांडतायत का?"

"नाही रे, खेळतायत. याला रग्बी म्हणतात."

"पण तुम्ही तर सांगितलं होतंत, आपल्या देशातली पहिली क्रिकेट टेस्ट इथंच झाली म्हणून!"

सांगितले होते खरे. १९३३ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धचा तो सामना याच हिरवळीवर झाला, आणि लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या त्याही इथेच. चिरंजीव क्षणभर चिखलाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग क्रिकेटवाले यांना ओरडत नाहीत?"

मुलांचे प्रश्न असेच असतात. उत्तर सोपे वाटते आणि द्यायला गेले की अडते. मी म्हटले, "अरे, पावसाळ्यात यांची पाळी, दसऱ्यानंतर त्यांची." तेवढ्यावर त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही. कारण आपल्याकडे ऋतूच मधे पडून वाटणी करून देतो, पण जिथे दोन्ही खेळ एकाच ऋतूत तेच मैदान मागतात तिथे काय होत असेल? म्हणजे इंग्लंडात? तिथे फुटबॉल आणि रग्बीचे क्लब एकाच हिरवळीवर नांदतात, आणि ते नांदणे कधी गळ्यात गळा घालून चालते, तर कधी कोर्टाची पायरी चढते. आमच्या चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडे पाणी भरीत. त्यातून उद्भवलेली महायुद्धे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे मला या विषयाची गोडी लागली, एवढे कबूल करतो.

वास्तविक ही दोन्ही सख्खी भावंडे. १८६३ साली लंडनच्या एका खानावळीत क्लबांचे प्रतिनिधी फुटबॉलचे एकच नियम ठरवायला जमले. चेंडू हातात घेऊन पळावे की नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ घालावी की नाही, या दोन मुद्द्यांवरून वाजले. लाथेच्या बाजूचे लोक रागावून उठून गेले आणि १८७१ साली त्यांनी रग्बीची वेगळी चूल मांडली. पुढे १८९५ मध्ये त्या चुलीचीही वाटणी झाली. उत्तर इंग्लंडातल्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची शनिवारी सामन्यासाठी रोजी बुडे. ती भरून द्यावी असे तिकडचे क्लब म्हणत, आणि दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना खेळात पैशाचा विटाळ नको होता. तेव्हापासून दक्षिणेकडची पंधरा-पंधरांची 'युनियन' आणि उत्तरेकडची 'लीग' वेगळ्या झाल्या. लीगवाल्यांनी मागाहून दोन-दोन गडी कमी करून संघ तेरांचा केला. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

इथे जाता जाता आपल्या रुपयाची एक गंमत सांगतो. १८७३ मध्ये कलकत्त्याच्या साहेबलोकांनी रग्बीचा क्लब काढला. तो पाच वर्षांत मोडकळीला आला. तेव्हा त्यांनी बँकेत उरलेले चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवले आणि एक चषक घडवून विलायतेला धाडला. नागाच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असा तो 'कलकत्ता चषक'. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन देश १८७९ पासून त्याच्यासाठी झुंजत आले आहेत. क्लब गेला, रुपये मात्र अजून मैदानात आहेत. असो.

* * *

आता गवताकडे वळू. या सगळ्या खटल्यात खरा पीडित पक्ष तोच, आणि नेमकी त्याचीच साक्ष कोणी काढीत नाही.

फुटबॉलवाल्याला चेंडू जमिनीवरून सरसर सरकायला हवा असतो. म्हणून त्याला गवत आखूड, पंचवीस मिलिमीटरच्या आसपास कापलेले आणि वर थोडे पाणी मारलेले हवे. रग्बीवाल्याला जमिनीवर अंग टाकायचे असते, आणि खाली टाच रोवून रेटा द्यायचा असतो. त्याला गवत वाढलेले, दाट आणि मुळाशी घट्ट हवे. युनियनच्या स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ माणसे भिडतात. सगळ्यांचे वजन मिळून दीड टनाच्या वर जाते. हा सगळा भार बुटांच्या खिळ्यांतून एका लहानशा खोलीएवढ्या जागेवर पडतो, आणि तोही सरळ नव्हे, पिळवटून. मग हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळली जाते. फुटबॉलात झीज होते ती गोलच्या तोंडाशी. रग्बीची जखम मैदानाच्या कुठल्याही भागात, बहुधा मधोमध. दुसऱ्या दिवशी त्याच मधल्या पट्ट्यातून फुटबॉलवाल्यांना अचूक चेंडू पुढे सरकवायचा असतो.

सामान हलवण्याची यातायात वेगळीच. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद, आणि रग्बीच्या खांबांत अंतर ५.६ मीटर. तेव्हा एकाचे काढायचे, दुसऱ्याचे रोवायचे, जमिनीत पुरलेल्या नळकांड्यांची तोंडे झाकायची आणि कालच्या पांढऱ्या रेघांवर हिरवा रंग फासायचा. एवढे करूनही टेलिव्हिजनवर त्या पुसट रेघा दिसतातच. भाड्याच्या खोलीत जुन्या भाडेकरूच्या देवघराचा डाग भिंतीवर राहतो ना, तशा.

पण रेघा आणि खांब ही किरकोळ बाब. खरी मेख आहे ती गवताच्या जातीत. इंग्लंडच्या मैदानांवर मुख्यतः रायग्रास नावाचे गवत असते. देखणे, तजेलदार, लवकर उगवणारे. पण ते झुबक्यांनी वाढते, हातपाय पसरीत नाही. एक ढेकूळ उपटले की तिथे टक्कल पडले म्हणून समजा, पुन्हा बी पेरल्यावाचून ते भरत नाही. त्यातून थंडीत जमिनीचे उष्णतामान पाच-सहा अंशांखाली गेले की त्याची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे सामने ऐन भरात आणि गवत झोपलेले! याउलट आपली हरळी पाहा. गणपतीला आपण एकवीस-एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा हीच. शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो, कारण ती जमिनीवरून आणि जमिनीखालून पळते, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते आणि उपटली तरी चार दिवसांनी शेजारून हजर होते. शेतात जो तिचा अवगुण, तोच मैदानावर गुण. आमच्याकडच्या मैदानांनी पावसाळाभर चिखल सोसून हिवाळ्यात पुन्हा हिरवे व्हावे, यात माळ्याइतकाच या चिवट बाईचा वाटा आहे.

विलायतेतला मैदानाचा माळी म्हणून उन्हाळ्याची वाट पाहतो. मे महिन्यात फुटबॉलचा हंगाम संपला की यंत्राने वरचा थर खरवडून काढायचा, वाळू घालायची, बी पेरायचे आणि दीड-दोन महिने कुणाला पाऊल म्हणून टाकू द्यायचे नाही. बाळंतिणीला सव्वा महिना, तशी ही जमिनीची विश्रांती. अलीकडे गवताबरोबर प्लॅस्टिकचे धागेही शिवतात, दर दोन सेंटिमीटरवर एक आणि वीस सेंटिमीटर खोल, म्हणजे मुळांना त्याभोवती वेटोळे घालून तग धरता येतो. त्याने मैदान पुष्कळ टिकाऊ झाले. तरी विश्रांतीची गरज सुटली नाही.

आणि इथेच घोळ झाला. १९९६ साली लीगवाल्यांनी आपला हंगाम थंडीतून उचलून उन्हाळ्यात नेला. प्रेक्षकांना कुडकुडत बसायला नको, खेळही वेगवान होईल, हेतू चांगला होता. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, वा, छान झाले. थंडीत फुटबॉल, उन्हाळ्यात रग्बी, नळाच्या पाळ्या ठरल्या! पण लीगचा हंगाम फेब्रुवारी ते ऑक्टोबर आणि फुटबॉलचा ऑगस्ट ते मे. वसंतात आणि शरदात दोघेही मैदानात, आणि जून-जुलैत, जेव्हा जमिनीने पाठ टेकायची, तेव्हा रग्बी जोरात. पूर्वी दोघे मिळून तिला थंडीत छळत, पण उन्हाळ्यात सोडत तरी. आता बाराही महिने सुटका नाही.

* * *

याचा अनुभव पुरेपूर घेतला तो विगन गावाने. जॉर्ज ऑर्वेलच्या 'द रोड टू विगन पिअर' या १९३७ च्या पुस्तकामुळे पुष्कळांना हे नाव ठाऊक असेल. मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्या मधले हे खाणी-गिरण्यांचे गाव. गावाचा जीव की प्राण म्हणजे रग्बी. क्लब १८७२ चा, आणि १९०२ पासून सेंट्रल पार्क हे त्याचे राहते घर. फुटबॉलचा विगन अ‍ॅथलेटिक निघाला १९३२ मध्ये, आणि देशाच्या फुटबॉल लीगमध्ये त्याला पंगत मिळाली थेट १९७८ साली. म्हणजे गावात रग्बी ही थोरली पाती आणि फुटबॉल म्हणजे मागाहून आलेले, कोपऱ्यात निजणारे धाकटे भावंड.

या धाकट्याला १९९५ मध्ये डेव्ह व्हेलन नावाचे गृहस्थ भेटले. स्वतः फुटबॉलपटू, १९६० च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांचा पाय मोडला. पुढे खेळाच्या सामानाची दुकाने काढून ते गबर झाले. तळच्या श्रेणीतला हा क्लब आपण सर्वांत वरच्या श्रेणीत नेणार, असे ते बोलले तेव्हा लोक हसले. व्हेलननी पंचवीस हजार लोक बसतील असे नवे स्टेडियम बांधले आणि १९९९ मध्ये दोन्ही क्लब तिथे राहायला आले. रग्बीचे शतकभराचे सेंट्रल पार्क विकले गेले. त्या जागी आता टेस्कोचे मोठे दुकान उभे आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या आजोबांच्या खांद्यावर बसून नातवांनी सामने पाहिले, तिथे लोक बटाटे निवडतात. थोरल्या पातीने वाड्याची जागा विकून धाकट्याच्या नव्या घरात बिऱ्हाड करावे, तशातली गत. घर सोयीचे होते, छप्पर गळत नव्हते. पण घर आपले नव्हते.

तरी कुरबुर फार वाढली नाही, याला माझ्या मते एक साधे कारण होते. रग्बी क्लबातही तेव्हा व्हेलन यांचाच मोठा हिस्सा होता. तो त्यांनी २००७ मध्ये विकला. दोन जावा भांडल्या तरी सासूबाई एकच होत्या! २००५ मध्ये फुटबॉल क्लब खरोखरच प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, आणि हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. पण आता ते ठिगळ लावलेले मैदान दर आठवड्याला साऱ्या जगाला टेलिव्हिजनवर दिसू लागले. लाखो पौंडांचे पाय घेऊन येणारे पाहुणे त्या खडबडीत जमिनीला नाके मुरडू लागले.

मग उजाडले २०१३ साल. ११ मेला विगन अ‍ॅथलेटिकने वेम्बलीवर बलाढ्य मँचेस्टर सिटीला एका गोलने हरवून एफ. ए. चषक जिंकला. तीनच दिवसांनी तोच संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, हा दैवाचा खेळ! आणि २४ ऑगस्टला, त्याच वेम्बलीवर, गावच्या रग्बी संघाने हल संघाला १६-० असे धुऊन चॅलेंज कप आणला. एकाच वर्षी देशातले दोन मोठे चषक एकाच गावात, नव्हे, एकाच घरात. माळीबुवांचे नाव त्या चषकांवर कोरलेले नाही, पण कोरायला हरकत नव्हती.

पुढे धाकट्याचे ग्रह फिरले. २०२० च्या जुलैत फुटबॉल क्लबाचे दिवाळे वाजले. गुण कापले गेले, श्रेणी गेली. सामान्य प्रेक्षकांनी वर्गण्या काढून त्याला जगवले. २०२३ मध्ये माइक डॅन्सन या विगनमध्येच जन्मलेल्या उद्योगपतीने स्टेडियमसह फुटबॉल क्लब घेतला आणि त्याच वर्षअखेर रग्बी क्लबही घेतला. सासूबाई पुन्हा एक झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा विजेता संघ पेनरिथ तिथे आला असता रग्बीवाल्यांनी त्याला १६-१२ असे हरवले, तेही ऐन फुटबॉलच्या हंगामात, त्याच हिरवळीवर.

* * *

कॉव्हेंट्रीचे मात्र तसे झाले नाही. ही कहाणी सांगताना मला चाळीतल्या पागडीच्या भानगडी आठवतात.

२००५ मध्ये तिथल्या कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबासाठी बत्तीस हजार आसनांचे नवे स्टेडियम उभे राहिले. पण क्लब कर्जात होता. स्टेडियममधला आपला हिस्सा त्याने आधीच एका धर्मादाय संस्थेला विकून टाकलेला. तेव्हा ज्याच्यासाठी घर बांधले तोच त्यात भाडेकरू म्हणून शिरला, वर्षाला बारा लाख पौंडांच्या घरात भाडे! भाड्यावरून तंटा झाला, आणि २०१३ मध्ये क्लब चक्क गाव सोडून पन्नासेक किलोमीटरवरच्या नॉर्थॅम्प्टनला जाऊन 'घरचे' सामने खेळू लागला. त्याच्या कितीतरी चाहत्यांनी तिथे तिकीट काढायचे नाही असे ठरवले. ते जात, पण मैदानाबाहेरच्या टेकाडावर उभे राहत आणि तिथून अर्धेमुर्धे दिसेल तेवढा सामना पाहत. क्लबाचे जुने नामांकित व्यवस्थापक जिमी हिल यांच्यावरून त्या टेकाडाला त्यांनी 'जिमीज् हिल' असे नावही ठेवले. संतापातही विनोद सुटला नाही, हे इंग्रजांचे मला आवडते.

२०१४ च्या सप्टेंबरात क्लब परत आला तो काय, त्याच शरदात लंडनकडचा वॉस्प्स हा रग्बीचा क्लब आला आणि अडीचशे वर्षांच्या भाडेपट्ट्यासकट स्टेडियमची कंपनीच विकत घेऊन बसला. हा वॉस्प्स कालपर्यंत स्वतः वायकोम गावच्या फुटबॉल मैदानावर भाड्याने राहत होता! आता तो घरमालक, आणि घरचा मुलगा भाडेकरू. खटले सुरू झाले, बोलणी फिसकटली, आणि २०१९ मध्ये फुटबॉल क्लब दुसऱ्यांदा परागंदा झाला. या खेपेला बर्मिंगहॅमला, दोन हंगाम.

२०२१ मध्ये तो परतला. वाटले, आता मिटले. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धा आल्या. त्यांतली सात-सातांची रग्बी याच मैदानावर, २०२२ च्या जुलैअखेर. तीन दिवसांत साठाच्या वर सामने! या स्टेडियमच्या बंदिस्त दालनात आठवडाभराने कुस्त्या झाल्या. आपले वाचक त्या विसरले नसतील. बजरंग, रवी दहिया, विनेश, साक्षी यांनी सोने लुटले ते तिथेच. कुस्तीतली सहा सुवर्णपदके दोन दिवसांत आपल्या पदरी पडली. आपण इकडे पेढे वाटीत होतो, आणि त्याच इमारतीच्या मधल्या अंगणात फुटबॉलवाले उखडलेल्या हिरवळीकडे पाहून कपाळाला हात लावून बसले होते. ७ ऑगस्टचा त्यांचा घरचा पहिला सामना होऊ शकला नाही. मागचे काही पुढे ढकलावे लागले, चषकाचा एक सामना बर्टन गावी जाऊन खेळावा लागला. महिना संपत येईपर्यंत घरच्या मैदानावर लीगचा एकही सामना त्यांना घेता आला नाही.

आणि घरमालक? त्याच ऑक्टोबरात वॉस्प्सचे दिवाळे निघाले. दोनदा युरोपचे विजेतेपद मिळवलेला क्लब. स्टेडियमपायी काढलेल्या कर्जाने त्याला बुडवले. मोठे घर घेतले आणि हप्त्यांनी खाल्ले, हे कथानक आपल्याकडेही अनोळखी नाही. स्टेडियम एका बड्या दुकानदार कंपनीकडे गेले आणि अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्री सिटीने ते स्वतः विकत घेतले. गृहप्रवेशानंतर वीस वर्षांनी घर नावावर झाले म्हणायचे.

* * *

हे सगळे मी एका रात्री जेवताना घरी सांगितले. धाकट्याला पौंडांत आणि खटल्यांत रस नव्हता. टेकाडावरून फुकट सामना पाहणारे लोक तेवढे त्याला पटले.

दसऱ्यानंतर पुन्हा फोर्टात जाणे झाले. दोन शर्टांपैकी एक पहिल्याच धुण्यात आटला होता, तो बदलायचा होता. जिमखान्याच्या मैदानावर आता ते एचचे खांब नव्हते. मधोमध रोलर फिरत होता आणि दोन माळी बाजूला उकिडवे बसून काहीतरी खुरपीत होते. चिरंजीव मैदानाच्या कडेला उभे राहून बराच वेळ निरखत राहिले.

"बाबा, ते लोक नेमकं कुठं रेटत होते?"

मी चष्मा पुसून पाहिले. हिरव्यात हिरवे, मलाही जागा सांगता येईना.

शर्टवाल्याने शर्ट काही बदलून दिला नाही.